व्हॉल्व्ह उघडतोय, पण मिटून राहतच नाही! (शाळेसाठी इंजिनाचं चालतं मॉडेल – मदत हवी)

मृण्मयी_क
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. नववीतल्या तीन मुली आणि एक मुलगा यंदा हट्टालाच पेटलेत की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी नको, ठिबक सिंचन नको, आपण इंजिन करायचं. त्यातल्या एकीच्या वडिलांचं दुचाकीचं गॅरेज आहे. तिने एकदा उघडलेलं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) बघितलं आणि मला वर्गात विचारलं, बाई, पिस्टन वरखाली होतो ते कळलं, पण वरची दोन झाकणं बरोबर वेळेला उघडायला कोण सांगतं? मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, पण चित्रात काही हलत नाही हो.

तर आम्ही लाकडात मोठं मॉडेल करायला घेतलंय. १२ मिमी प्लायची पाठ, खाली हँडल, त्यावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या कॅम नावाच्या चकत्यांचा दांडा), मग पुशरॉड (ती ढकल वर नेणारी दांडी), वर रॉकर (सी-सॉसारखी हलणारी पट्टी) आणि व्हॉल्व्ह. पिस्टनसुद्धा आहे. हाताने फिरवायचं, मोटर नाही. दहा फुटांवरून दिसलं पाहिजे आणि एसटीने नेता आलं पाहिजे.

अडचण अशी की व्हॉल्व्ह उघडतो पण मिटून राहत नाही, सारखा वरखाली वरखाली चालूच असतो. पुस्तकात तर लिहिलंय की कॉम्प्रेशन (हवा दाबायच्या) आणि पॉवर (पेटून पिस्टन ढकलायच्या) स्ट्रोकला दोन्ही बंद. कॅम म्हणून आम्ही प्लायची गोल चकती घेतली आणि मधोमध भोक न पाडता बाजूला पाडलं. कुठे चुकतंय? की हा नाद सोडून भंगारातलं खरं इंजिन आणून कापावं?

बाळू_मिरज
रुमाल टाकतो. रात्री निवांत लिहितो.

तात्या_लेथवाले
ताई, सरळ सांगतो, खरं इंजिन कापा. आमचं वर्कशॉप कोल्हापूरला उद्यमनगरात, लेथवर चाळीस वर्षं गेली. लाकडाचं केलेलं ते खेळणंच दिसणार. भंगारात १०० सीसीच्या गाडीचं हेड किलोवर मिळतं, अ‍ॅल्युमिनियमचं असतंय, हॅक्सॉने आरामात कापलं जातं. कापलेल्या कडांना लाल रंग द्या, कानस मारून धार घालवा म्हणजे पोरांचे हात कापणार नाहीत. खरा वाल, खरा स्प्रिंग, खरा रॉकर. पोरांना लोखंडाचा वास आला पाहिजे की!

नीरजा_पी
तात्या, तुमचं पटतं, पण मृण्मयीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ.

बाजूला भोक पाडलेली गोल चकती म्हणजे एक्सेंट्रिक. ती फिरताना तिच्यावर टेकलेली वस्तू एक क्षणही थांबत नाही, कारण फिरण्याच्या केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर सतत बदलत असतं. तुमचा व्हॉल्व्ह तेच करतोय. कॅमचा मोठा भाग केंद्राभोवती अगदी गोल हवा, त्याला बेस सर्कल म्हणतात. तो भाग टॅपेटखाली (कॅमवर टेकणारा तुकडा) असेल तोवर व्हॉल्व्ह गप्प मिटलेला. मग एका बाजूला नाक. नाक आलं की उघडणार, नाक गेलं की पुन्हा गप्प. म्हणजे आकार नासपतीसारखा समजा.

तुमच्या मॉडेलने सगळ्यात जास्त काय दाखवायला पाहिजे, तर हे मिटून राहणं. उघडणं सगळ्यांना दिसतं हो. पण बहुतेक वेळ व्हॉल्व्ह काहीच करत नाही आणि म्हणून इंजिन चालतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मृण्मयी_क
@नीरजा_पी, अगदी हेच! मुलांना सांगितलं तर एक जण म्हणाला बाई म्हणजे गोल भाग सुट्टीचा आणि नाक शाळेचं. उद्याच कापतो नवीन. मापं काय घ्यावीत?

@तात्या, खरं हेड मिळालं तर शेजारी ठेवूच. पण खऱ्या हेडमध्ये व्हॉल्व्ह जेमतेम ७-८ मिमी उघडतो, तो मागच्या रांगेतल्या पोराला दिसत नाही. शिवाय कापलेलं इंजिन तयार मिळतं, त्यात यांनी केलेलं काय राहणार? चुका व्हायला पाहिजेत ना हातून.

बाळू_मिरज
आलो. मापांचं ज्यांना कळतं ते सांगतील, मला आमच्या मळ्यातलं इंजिन आठवलं म्हणून लिहितो.

लाइट यायच्या आधी विहिरीवर एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, दोन बाजूंना दोन जड चाकं. सुरू करायचं म्हणजे वडील हँडल मारायचे आणि मी वरची छोटी पट्टी धरून उभा. पट्टी उचललेली असली की हँडल सहज फिरायचं, फुस्स फुस्स असा आवाज. चाकांनी वेग घेतला की वडील ओरडायचे ‘सोड!’ आणि मी पट्टी खाली टाकायचो, की लगेच फट्... फट् फट् फट्. सात-आठ वर्षांचा होतो, मला वाटायचं इंजिन माझ्या हातात आहे.

ती पट्टी काय करत होती ते पुढे डिप्लोमाला गेल्यावर कळलं. ती व्हॉल्व्ह जरासा उघडा धरून ठेवते, म्हणजे आतली हवा दाबलीच जात नाही आणि हँडलला जोर लागत नाही. सोडली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतो, हवा दाबली जाते, तापते, डिझेल पेटतं. म्हणजे नीरजाताई म्हणतात ते खरंय, इंजिन सुरू झालं ते व्हॉल्व्ह मिटला म्हणून. मॉडेलमध्ये ही पट्टी जरूर घाला, खेड्यातल्या प्रत्येक आजोबाला ओळखीची असेल.

सुमेधा
बाळूदादा, डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे तो ‘सोड!’ आजोबांचा असायचा.

खवय्या_नाशिक
नासपतीसारखा कॅम वाचून भूक लागली. चालू द्या.

केदार_स्टुटगार्ट
म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये बटण दाबलं की फिरणारी कापलेली यंत्रं बघत मी अख्खा दिवस काढलाय, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाचं १८७६ चं चार स्ट्रोकचं इंजिन घ्या, त्यात आजच्यासारखा छत्रीच्या आकाराचा इनटेक (आत घेणारा) व्हॉल्व्ह नव्हताच, सरकणारी पट्टी होती. तीच हवा-गॅस आत घ्यायची आणि बाहेर जळत असलेली ज्योत आतपर्यंत पोचवायची. नंतर डाइमलर आणि मायबाखनी इथेच, आमच्या कानश्टाटला १८८५ मध्ये उभं छोटं इंजिन केलं, त्यात एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला यंत्रणा होती पण इनटेकला काहीच नाही. पिस्टन खाली गेला की ओढीने आपोआप उघडायचा, हलक्या स्प्रिंगने मिटायचा. आपल्या हातपंपात किंवा सायकलच्या पंपात असतं तसं. वेग वाढायला लागला तसं ते आपोआप उघडणं पुरेनासं झालं, मग इनटेकलाही कॅम आला.

तुमच्या मुलीचा प्रश्न ‘कोण सांगतं’ हा होता ना? सुरुवातीला खरोखरच कुणी सांगत नव्हतं.

मृण्मयी_क
केदार, हे मी उद्या वर्गात सांगणार. ‘कुणी सांगत नव्हतं’ ऐकून ती उडीच मारेल.

राजाभाऊ_बुलेट
बुलेटवाल्यांना पुशरॉड वेगळा सांगायला लागत नाही. जुन्या ३५० ला टॅपेट सेट करायचे म्हणजे इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला टॉपवर, बाजूचं छोटं झाकण काढायचं आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली खेळ लागता कामा नये. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नको काही नको, बोटांना कळतं. मॉडेलला पण खाली एक स्क्रू आणि नट ठेवा. जास्त कसला तर व्हॉल्व्ह मिटणारच नाही, ढिला ठेवला तर टकटक वाजणार. दोन्ही चुका मुद्दाम करून दाखवता येतील.

सौ_कुलकर्णी_पेटीवाल्या
मला इंजिनातलं काही कळत नाही पण वर्णन वाचून वाटलं की ही तर आमची पेटी! पट्टीचं पुढचं टोक दाबलं की मागचं टोक वर उचललं जातं, सुराच्या भोकावरचं झाकण उघडतं, हवा जाते, सूर लागतो. बोट काढलं की स्प्रिंग झाकण परत बसवते. तुमचा रॉकर म्हणजे पट्टी आणि कॅम म्हणजे बोट, बरोबर ना? आणि झाकणाखालचं चामडं झिजलं की हवा गळते, पट्टी न दाबता सूर कुंथत राहतो.

नीरजा_पी
शंभर टक्के बरोबर, काकू. इंजिनात झाकण उलट्या दिशेने उघडतं एवढाच फरक. मी आठ वर्षं कॉलेजात मशिन डिझाइन शिकवलं, हे उदाहरण कधी सुचलं नाही. आणि झाकणातून गळणं हा तर इंजिनाचा मोठा रोग.

मृण्मयी, मापं. कागदावर कंपासने ३० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याच्या केंद्रापासून ३८ मिमीवर दुसरा बिंदू घेऊन १२ मिमी त्रिज्येचं छोटं वर्तुळ. दोन्हींना स्पर्श करणाऱ्या दोन सरळ रेषा काढल्या की झाला कॅम. ३८ आणि १२ मिळून ५०, त्यातून ३० गेले, म्हणजे व्हॉल्व्ह २० मिमी उघडेल, दहा फुटांवरून मस्त दिसेल. उघडा राहील तो कॅमच्या साधारण १२३ अंशांत, म्हणजे क्रँकच्या (हँडलच्या, पिस्टन हलवणाऱ्या शाफ्टच्या) २४७ अंशांत (कॅम निम्म्या वेगाने फिरतो म्हणून दुप्पट). रस्त्यावरच्या खऱ्या गाडीच्या अगदी जवळ. कॅमचे उरलेले २३७ अंश सुट्टीचे.

मृण्मयी_क
(चार दिवसांनी) झालं! नवीन कॅम कापला, कानस आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केला, आणि पहिल्यांदा व्हॉल्व्ह मिटून राहिला. पोरं ओरडली. पण आता उघडताना एकदम ‘टक्’ असा झटका बसतो. टॅपेट म्हणून कॅमवर सपाट लाकडी तुकडा टेकवलाय, त्याला दोन दिवसांत खाच पडली. कॅम तर आरशासारखा गुळगुळीत आहे.

तात्या_लेथवाले
ताई, सरळ बाजूच्या कॅमवर सपाट टॅपेट चालत नाही. सपाटावर सपाट येऊन आपटतंय. बेरिंग लावा.

नीरजा_पी
तात्यांनी एका ओळीत सांगितलं, मी कारण सांगते. तुमच्या कॅमची बाजू सरळ रेषा आहे आणि टॅपेटचा तळही सरळ. फिरता फिरता एका क्षणी या दोन रेषा समांतर होतात, आणि टेकण्याची जागा गोल भागावरून उडी मारून थेट नाकाशी जाते. तुमच्या मापांत ती उडी ३३ मिमीच्या वर आहे. तेव्हा वेग शून्यापासून एकदम वाढतो, तोच तुमचा टक्. सपाट टॅपेट हवा असेल तर कॅमची बाजू बाहेर फुगलेली पाहिजे. सरळ बाजू ठेवायची तर खाली फिरणारं चाक हवं. मी माप दिलं तेव्हाच हे विचारायला हवं होतं.

ओंकार_थ्रीडी
स्केटिंगच्या चाकातलं बेरिंग घ्या, ६०८ नंबर. बाहेरून २२ मिमी, आतून ८ मिमी, जाडी ७. कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतं, त्यातून ८ चा बोल्ट आरपार जातो. बाकी मी तर म्हणतो प्लाय कसला कापताय, थ्रीडी प्रिंट करा, मी फाइल पाठवतो, एका रात्रीत कॅम तयार.

तात्या_लेथवाले
प्रिंटरच्या कॅमला पोरांनी हात कुठे लावला मग? कंपासने रेषा काढली, करवतीने कापली, कानसने घासली तर त्या ३० आणि ३८ चा अर्थ कळतो.

ओंकार_थ्रीडी
तात्या, मान्य आहे पण संगणकावर आकार काढतानाही तोच विचार करावा लागतो हो. नाक मोठं केलं तर काय, बारीक केलं तर काय, दहा प्रकार एका आठवड्यात करून बघता येतात. प्लायमध्ये दहा कॅम कोण कापणार? हात म्हणजे फक्त करवत धरायलाच नसतो.

तात्या_लेथवाले
दहा प्रकार बदलून बघायचा मुद्दा चांगलाय. तो मानला.

ओंकार_थ्रीडी
आणि एक, जोडणी कशाने केलीय? सायकलची चेन असेल तर दाते मोजा, बरोबर १ ला २ पाहिजेत. प्रिंटरचे दातेरी पट्टे आणि पुल्या मिळतात, २० दाते आणि ४० दाते, स्वस्त आणि हलक्या.

मृण्मयी_क
सायकलची चेन होती, ४४ आणि १८. म्हणूनच दर फेरीला टायमिंग सरकत होतं आणि आम्ही भोकाला दोष देत होतो! पुल्या मागवते.

राजाभाऊ_बुलेट
गॅरेजवाल्या वडिलांकडे जुनी टायमिंग चेन आणि दोन्ही चाकं असतीलच की. मोठ्यावर लहानाच्या बरोबर दुप्पट दाते असतात, मोजून बघा. आणि दोन्हींवर खुणा असतात, त्या जुळवूनच बसवायचं. मुलीला खुणा शोधायला सांगा.

विहंग
मी काय म्हणतो, करायचंच तर डेस्मो करा! त्यात स्प्रिंगच नाही, एक कॅम उघडतो आणि दुसरा कॅम ओढून मिटवतो. डुकाटीसाठी ताल्योनीने १९५६ मध्ये केलं, त्याआधी १९५४ ला मर्सिडीझच्या रेसच्या गाडीत होतं. प्रदर्शनात दुसरं कुणी आणणार नाही.

नीरजा_पी
विहंग, फार सुंदर यंत्रणा आहे पण नववीच्या मुलांना आधी स्प्रिंग का लागते ते दिसू दे. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्या) प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडतो. तेवढ्यात स्प्रिंगने टॅपेटला कॅमवर दाबून धरलं नाही तर ते कॅम सोडून हवेत तरंगतं. तो त्रास कळला की डेस्मो का केलं ते आपोआप कळतं. पुढच्या वर्षी दहावीत करा.

विहंग
चालेल. पुढच्या वर्षी आठवण करून देईन :)

मृण्मयी_क
बेरिंग लावलं, टक् गेला. आता नवीन तीन गोष्टी.

एक, टॅपेटची दांडी तिच्या भोकात अर्ध्यात अडकते, तेल घातलं तरी. दोन, नाकाच्या टोकावरून पुढे गेलं की हँडल हातातून सुटून स्वतःच पुढे पळतं, काल एकीच्या बोटाला लागलं. तीन, एक्झॉस्ट आणि इनटेकचे कॅम आम्ही ९० अंशांवर बसवले, कारण प्रत्येक स्ट्रोक १८० आणि त्याचं निम्मं ९०. पण दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे दिसतात. पाहुणे म्हणतील बिघडलंय.

नीरजा_पी
तीनही प्रश्न झकास. मुलांना माझ्याकडून शाबासकी.

पहिला. तुमच्या मापांत रोलर कॅमच्या बाजूवर चढताना जोर सरळ वर जात नाही, जास्तीत जास्त साधारण ३९ अंशांनी तिरका जातो. सरळ वरखाली सरकणाऱ्या दांडीला ३० च्या पुढे गेलं की ती भोकाच्या कडेला घासून अडकते. बेस सर्कल मोठं करा, उचल कमी करा, नाहीतर सगळ्यात सोपं म्हणजे सरकणारी दांडीच काढून टाका. बेरिंग एका पट्टीवर बसवा आणि पट्टीचं दुसरं टोक बिजागरीसारखं खिळवा. तिरका जोर बिजागरी खाईल, पुशरॉड बेरिंगच्या बरोबर वर टेकवा.

तिसरा. तुमचा व्हॉल्व्ह १८० नाही, २४७ अंश उघडा राहतो. इनटेक पिस्टन टॉपला यायच्या १५ अंश आधी उघडून बॉटमनंतर ५२ ला मिटतो असं धरा. १५, १८० आणि ५२, झाले २४७. एक्झॉस्ट त्याचा आरसा, बॉटमच्या ५२ आधी उघडणार, टॉपनंतर १५ ला मिटणार. तसं करायला दोन नाकांमध्ये कॅमवर साधारण १०८ अंश पाहिजेत, मग दोन्ही एकदम उघडे फक्त ३० अंश राहतील. तुमच्या ९० मुळे ते ६७ झालेत. तीसही चूक नाही, तो ओव्हरलॅप खरा असतो. बाहेर धावणारा धूर स्वतःच्या वेगाने मागे ओढ निर्माण करतो आणि ताज्या हवेला आत घेतो. आणि इनटेक उशिरा का मिटतो, तर पिस्टन वर यायला लागला तरी आत येणारी हवा धावतच असते, तिला येऊ द्यायचं. एसटी सुटली तरी धावत येणाऱ्यासाठी कंडक्टर दार लगेच लावत नाही तसं.

तात्या_लेथवाले
दुसऱ्याचं मी सांगतो. स्प्रिंग फार कडक घेतलीय. मॉडेलला स्प्रिंगने फक्त वालचं वजन उचलून धरलं की पुरे. आणि हँडलच्या शाफ्टवर एक जड चाक घाला, जात्याचं वजन असतं तसं, म्हणजे झटका चाक घेईल. बोटाला लागलं म्हणता तर हँडलऐवजी त्या चाकालाच गोल मूठ करा, काही बाहेर आलेलं राहू नये. पोरगी बरी आहे ना?

मृण्मयी_क
बरी आहे तात्या, खरचटलं होतं नुसतं. आज तीच विचारत होती की लेथवाले आजोबा काय म्हणाले.

गौरी_स्पर्श
मी दृष्टिहीन मुलांना शिकवते, म्हणून एक सांगावंसं वाटतं. तुमचं मॉडेल डोळ्यांशिवायही कळण्यासारखं आहे. एक हात चाकावर आणि दुसरा व्हॉल्व्हच्या दांडीवर ठेवला की दोन फेऱ्यांत एकदाच दांडी खाली जाऊन वर येते आणि मग लांब शांतता, हे बोटांना फार स्पष्ट कळेल. चाकावर टॉपच्या जागी एक खिळ्याचं डोकं ठोका, अर्ध्या फेरीवर दोन. व्हॉल्व्हना निळा-लाल रंग द्याल तेव्हा इनटेकच्या दांडीला खरबरीत पेपर चिकटवा, एक्झॉस्ट गुळगुळीत. आमच्या मुलांनी सायकलची चेन हाताने फिरवून गिअर शिकलेत.

मृण्मयी_क
गौरी, नक्की करते. डोळे मिटून करून बघायला सांगते सगळ्यांना.

समीर_ठाणे
टायमिंगचं निघालंय तर, माझ्या चारचाकीचा टायमिंग बेल्ट हायवेवर तुटला होता. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा बदलायची वेळ झाली होती, कुणी सांगितलं नाही. इंजिन एका क्षणात बंद. कॅम थांबला तिथे थांबला, काही व्हॉल्व्ह उघडे राहिले, पिस्टन त्यांच्यावर आदळले आणि व्हॉल्व्ह वाकले. सगळ्या इंजिनांत असं होत नाही, पण जिथे उघडा व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतो तिथे होतं. तुमचा पट्टा काढून पिस्टन हळूच वर आणून दाखवा, लोक आपापल्या गाडीचं सर्व्हिस बुक काढून बघतील.

राजाभाऊ_बुलेट
समीर, वाईट झालं. मॉडेलमध्ये दाखवणं मात्र भारी.

बाळू_मिरज
कुलकर्णीकाकूंनी गळतीचं लिहिलं त्यावरून. वडील व्हॉल्व्ह घासायचे ते आठवतं. काठीच्या टोकाला रबरी चोखणी, ती व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची, व्हॉल्व्ह बसतो त्या सीटवर ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळतात तशी फिरवायची. मधेच उचलून थोडी फिरवून पुन्हा. शेवटी पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) रॉकेल ओतून ठेवायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येऊन बघितलं आणि थेंब उतरला नसला की काम झालं. गॅरेजवाल्या वडिलांना शाळेत बोलवा आणि हे करून दाखवायला सांगा. मॉडेलपेक्षा जास्त गर्दी होईल.

सुमेधा
आणि त्या मुलीची मान किती ताठ होईल!

मृण्मयी_क
(तीन आठवड्यांनी) उशीर झाला, माफ करा. प्रदर्शन झालं.

मॉडेल शेवटी असं झालं. बेरिंगची पट्टी बिजागरीवर, २०-४० च्या पुल्या, नाकांत १०८ अंश (कंपासपेटीतल्या कोनमापकाने, तीनदा मोजून), व्हॉल्व्हची डोकी १०० मिमी रुंद, प्लायची, दांड्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि जड चाक म्हणून गॅरेजमधला जुना ब्रेक ड्रम. बाळूदादांची पट्टी घातली. तिला पोरांनी ‘सोड’ असं नाव रंगवलंय. व्हॉल्व्ह मिटलेला असतो तेवढा भाग कॅमच्या कडेवर हिरवा केला, त्यामुळे हिरवं चालू असताना काहीच हलत नाही हे लांबून दिसत होतं.

सगळ्यात जास्त वेळ थांबले ते म्हातारे. एक आजोबा पट्टी धरून उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, मार हँडल. एकाने चाक फिरवलं, आजोबांनी स्वतःच ‘सोड’ म्हणून पट्टी टाकली आणि तोंडाने फट् फट् आवाज काढला. तिथून पुढे दिवसभर पोरांनी तो आवाज काढला.

गॅरेजवाले वडील आले होते. रॉकेलचं करून दाखवलं, खऱ्या हेडवर. आधी न घासलेला व्हॉल्व्ह, थेंब थेंब गळाला, मग मुलीने घासला आणि पुन्हा ओतलं. दोघंही वाकून खालून बघत होते. थेंब आला नाही.

परीक्षकांनी तिला विचारलं की स्कूटरला, म्हणजे जुन्या दोन स्ट्रोकवाल्या, हे सगळं कुठे असतं. ती म्हणाली तिथे पिस्टनच स्वतः भिंतीतली भोकं झाकतो आणि उघडतो, म्हणून हे नाही. हे मी शिकवलं नव्हतं, तिने वडिलांकडून काढून घेतलं होतं. जिल्ह्यावर निवड झाली आहे.

आता एकच राहिलंय. जिल्ह्याला जायच्या आधी गौरीच्या शाळेत मॉडेल घेऊन जायचंय. गौरी, खिळे ठोकलेत आणि खरबरीत पेपर पण लावलाय. कुठला वार चालेल?

गौरी_स्पर्श
गुरुवार! सकाळी ११ नंतर कधीही. माझी २२ मुलं आहेत, प्रत्येकाला दोन फेऱ्या तरी फिरवायला मिळायला हव्यात, तेव्हा वेळ काढून या.

तात्या_लेथवाले
२२ जणांनी फिरवायचं म्हणजे त्या बिजागरीच्या भोकात पितळी बुश टाका, प्लाय पसरेल. माप कळवा, मी करून पाठवतो. पैसे विचारू नका.

मृण्मयी_क
बोल्ट ८ मिमी, प्लाय १२ मिमी जाड. तात्या, चार लागतील.